शेवटचे बालक काय सांगते?

वाचकहो, गोष्ट संपली की मूल विचारते, ‘मग पुढे काय झाले?’ थोरांनाही हा प्रश्न सुटत नाही. स्टॅन्ले कुब्रिक या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘२००१: ए स्पेस ओडिसी’ हा चित्रपट १९६८ साली पडद्यावर आला. त्याच्या शेवटाबद्दल लोक आजही हेच विचारीत आहेत.

अर्थ लावण्याआधी डोळ्यांना काय दिसते ते पाहू. बोमन नावाचा अंतराळवीर गुरू ग्रहाजवळ एकटा उरला आहे. यानातील संगणकाने त्याच्या सोबत्यांचे प्राण घेतले आहेत. तो पुढे निघतो, आणि रंगीत प्रकाशाचे लोट त्याच्या अंगावर धावून येतात. मग एकाएकी तो एका खोलीत असतो. खोली अठराव्या शतकातील फ्रेंच थाटाची, आणि उजेड मात्र जमिनीतून येणारा! तिथे तो स्वतःलाच म्हातारा झालेला पाहतो. शेवटी मरणपंथाला लागलेला बोमन अंथरुणातून बोट उचलतो. समोर एक गुळगुळीत काळी शिळा उभी आहे. पुढच्या क्षणी अंथरुणावर तेजाच्या वेष्टनात एक बालक दिसते. ते पृथ्वीजवळ येते, आपल्याकडे डोळे वळवते, आणि चित्रपट संपतो. या सगळ्या वेळात कुणी एक शब्द बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा अर्थ ज्याने त्याने हवा तसा लावावा. तसे नाही बरे! मागे वळून पाहा. हीच शिळा आरंभी माकडमाणसांपुढे उभी होती. त्यानंतर त्यांतल्या एकाला हाडाचे हत्यार करण्याची बुद्धी झाली. पुढे शिळा चंद्रावर सापडली, आणि माणूस गुरूकडे निघाला. म्हणजे शिळा दिसली की जीव एक पायरी वर चढतो. संगीतही तेच सांगते. रिचर्ड स्ट्राउस या जर्मन संगीतकाराच्या १८९६ सालच्या रचनेचे सूर हाड हाती येते तेव्हा वाजतात, आणि बालक दिसते तेव्हाही तेच वाजतात. तेव्हा हा नुसता मृत्यू नव्हे, नवा जन्म आहे, असे म्हणायला चित्रपटातच पुरावा आहे.

पण हा नवा जीव करणार काय? इथे चित्रपट गप्प राहतो. कथेतील सहलेखक आर्थर क्लार्क यांनी त्याच साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत उत्तर दिले आहे. तिथे ते बालक पृथ्वीभोवती फिरणारी अण्वस्त्रे नष्ट करते. कुब्रिकने हे पडद्यावर आणले नाही. १९८० सालच्या एका मुलाखतीत त्याने खोलीचा उलगडा केला. प्राणिसंग्रहालयात जनावर ठेवावे तसे कुणा देवतुल्य जीवांनी बोमनला तिथे ठेवले होते आणि नवे रूप देऊन परत पाठवले, असे त्याने सांगितले. पण परतल्यावर पुढे काय होते, हे त्यानेही सांगितले नाही.

आणि हे मौन योग्य जागी आहे. ज्या हाडाने माकडमाणसाचे पोट भरले, त्याच हाडाने त्याने आपल्यासारख्याच दुसऱ्याचे डोके फोडले होते. शक्ती वाढली म्हणून शहाणपण वाढतेच असे नाही. बालकाच्या हाती हाडाहून किती मोठे बळ आले असेल! त्याचा उपयोग कसा होईल, हे त्याच्या नजरेतून आपल्यालाच विचारले जात आहे. उत्तर सांगून टाकले असते, तर आपण निश्चिंत मनाने घरी गेलो असतो.

शिक्षकबंधू-भगिनींनो, वर्गात कविता किंवा कथा शिकवताना हे उपयोगी पडेल. मार्गदर्शकातले तयार उत्तर मुलाला आधीच दिले, तर ते पुन्हा धड्याकडे पाहतच नाही. ‘अर्थ काय?’ हे मागाहून विचारा. आधी विचारा, ‘तुला काय दिसले?’ मग म्हणा, ‘असे तू कशावरून म्हणतोस?’ पुराव्याला धरून दोन मुलांनी दोन अर्थ सांगितले, तर दोन्ही फळ्यावर लिहा. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर लेखकाने मुद्दामच दिले नसेल, तर तो तसाच मुलांबरोबर घरी जाऊ द्या. रात्री अंगणात आकाशाकडे पाहताना त्यांना तो आठवेल.