भाताच्या मुलखातील लोह

लेखमाला : जीवनसत्त्वे आणि खनिजे – भाग सातवा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि तेव्हापासून दल्ली-राजहराच्या खाणींतील हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे तांबूस ऑक्साइड, या शहराला पोसत आले आहे. शहराच्या हद्दीत सामावून गेलेले कोहका हे मूळचे गाव आणि त्याच्या भोवताली उठलेल्या वसाहती मात्र अशा प्रदेशात मोडतात, जिथे माणसाच्या शरीरातील लोहाची स्थिती चिंताजनक आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयाच्या ६०.८ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.२ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५–१६ च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे ४७ आणि ४१.६ टक्के होते. बोटाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबात ऊतींतला द्रव मिसळण्याची शक्यता असते, त्यामुळे अशा मापनातून येणारी टक्केवारी शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या मापनापेक्षा चढी येऊ शकते, हे लक्षात घेऊन या आकड्यांकडे पाहिले पाहिजे. तरीही दोन तृतीयांशांच्या आसपास बालके रक्तक्षयाच्या छायेत असणे ही कोणत्याही मोजपट्टीने गंभीर गोष्ट ठरते. ही स्थिती केवळ 'खाण्यात लोह कमी' एवढ्या एका कारणाने आलेली नाही, आणि म्हणूनच केवळ लोह वाढवून ती सुधारतही नाही, हे या भागात सविस्तर पाहायचे आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्याचा दोन तृतीयांश भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे फुप्फुसातून प्राणवायू उचलून पेशींपर्यंत नेणाऱ्या तांबड्या प्रथिनामध्ये असतो, काही स्नायूंमध्ये असतो आणि उरलेले यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवून ठेवलेले असते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात, त्यांतील लोह शरीर वाया जाऊ देत नाही आणि दररोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह अशा रीतीने जुन्या पेशींतून निघून नव्या पेशींत जाते. बाहेरून फक्त रोजची तूट भरून काढायची असते आणि ती पुरुषात साधारण एक मिलिग्रॅम, तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीत त्याहून अर्धा-एक मिलिग्रॅम अधिक असते. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत मात्र बाळ, वार आणि वाढलेले रक्त यांसाठी मिळून एक ग्रॅमच्या आसपास जादा लोह लागते. शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र यंत्रणा नाही, म्हणून सगळे नियंत्रण आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, शोषणाच्या वेळीच होते. साठा पुरेसा असला किंवा अंगात ताप, जंतुसंसर्ग वा दाह असला, की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक सोडते आणि आतड्याच्या पेशींतून रक्तात जाणारे लोह अडते. वारंवार हिवताप येणाऱ्या माणसाला कितीही पौष्टिक खाऊ घातले तरी ते अंगी लागत नाही, ते या कारणाने.

खनिजातील लोह आणि अन्नातील लोह यांचा संबंध येथे येतो. हेमॅटाइटमधील लोह ज्या फेरिक अवस्थेत असते, त्याच अवस्थेत वनस्पतिजन्य अन्नातील बहुतेक लोहही असते. आतड्याची पेशी मात्र ते फेरस अवस्थेत आणल्याशिवाय आत घेऊ शकत नाही. मांस, मासे यांतील बरेचसे लोह हीम नावाच्या रेणूच्या साच्यात बसलेले असल्याने तसेच्या तसे शोषले जाते. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहाला मात्र जठरातील आम्लाची आणि जेवणात आलेल्या क जीवनसत्त्वाची मदत लागते. क जीवनसत्त्व फेरिक लोहाचे फेरस लोह करते आणि ते विरघळलेल्या स्थितीत धरून ठेवते. पालेभाजीवर पिळलेले लिंबू किंवा भाताबरोबर खाल्लेला आवळा एकाच जेवणातले शोषण दोन-तीन पटींनी वाढवू शकतो. उलट धान्याच्या कोंड्यातील फायटेट, चहातील टॅनिन आणि दुधातील कॅल्शियम हे घटक शोषणाला अडथळा आणतात. जेवल्या जेवल्या चहा पिण्याची पद्धत भिलाईच्या मराठी घरांत जितकी रुळली आहे तितकीच छत्तीसगडी घरांतही आहे. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवण्यास काहीच खर्च येत नाही.

छत्तीसगडला 'धान का कटोरा' म्हणतात आणि येथील ताटात भात हेच मुख्य अन्न आहे. सडलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे एक मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते, म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ शिजवून खाणाऱ्या स्त्रीला त्यातून अडीच-तीन मिलिग्रॅम लोह मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज, शोषण जेमतेम आठ टक्के धरून, पुरुषासाठी १९ आणि स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम आहे. ही दरी भाताने भरून निघणे शक्यच नाही. कोंडा न काढलेल्या तांदळात लोह अधिक असते, पण फायटेटही अधिक असते, त्यामुळे कागदावरचा हिशेब पोटात तसाच उतरत नाही.

या ताटाची खरी श्रीमंती भाज्यांत आहे. चेंच, लाल भाजी, मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला, चरोटा म्हणजे महाराष्ट्रातला टाकळा, अमारी म्हणजे अंबाडी, करमत्ता, बोहार म्हणजे भोकराच्या कळ्या, अशा डझनावारी भाज्या येथील आठवडी बाजारात जुड्यांनी विकल्या जातात, आणि त्यांपैकी चरोट्यासारख्या कित्येक पावसाच्या पहिल्या सरींनंतर रस्त्याकडेला, पडीक जागेत आपोआप उगवतात. पालेभाज्यांतील ऑक्झलेट आणि पॉलिफेनॉल ही रसायने त्यांतील लोह धरून ठेवतात, त्यामुळे पुस्तकात छापलेले आकडे पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. अमारीसारखी आंबट भाजी, तीही लोखंडी कढईत शिजवलेली, हा मात्र दोन्ही बाजूंनी लाभाचा प्रकार आहे, कारण आम्लामुळे कढईचे लोह थोडे अन्नात उतरते आणि शोषणालाही हातभार लागतो. उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेल्या सुकसी भाजीत लोह टिकते, क जीवनसत्त्व मात्र बहुतांशी उडून जाते. अशा भाजीबरोबर काही ताजे आंबट खाणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, याविषयी थोडे थांबून बोलायला हवे. शेतकरी आणि मजूर वर्गाचे हे सकाळचे अन्न. २०२२ पासून राज्य सरकारने १ मे हा कामगार दिन 'बोरे-बासी दिवस' म्हणून साजरा करण्याची प्रथा सुरू केली आणि त्याबरोबर बासीत लोह कित्येक पटींनी वाढते, असे दावेही सर्वत्र पसरले. लोह हे मूलद्रव्य आहे; आंबवण्याच्या क्रियेने ते निर्माण होत नाही. भांडे लोखंडी असेल किंवा पाण्यातच लोह असेल तर तेवढी भर पडते. आंबवण्याने घडते ते वेगळेच आणि कमी महत्त्वाचे नाही: लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, उरलेसुरले फायटेट मोडते आणि आहे तेच लोह शोषणाला सोपे होते. शिवाय बासी एकटी खाल्ली जात नाही. तिच्यासोबत कच्चा कांदा, हिरवी मिरची, टोमॅटोची किंवा आंब्याची चटणी आणि उरलेली भाजी असते, आणि यांतील मिरची-चटणीतले क जीवनसत्त्व शिजवले न गेल्याने शाबूत राहते. बासीची थोरवी खरी आहे. ती खोट्या आकड्यांवर उभी करण्याची गरज नाही. मराठी घरातील मोड आलेल्या मटकीची उसळ हीदेखील याच तत्त्वावर पौष्टिक ठरते, कारण मोड येताना फायटेट घटते आणि कोरड्या कडधान्यात नसलेले क जीवनसत्त्व नव्याने तयार होते.

रक्तक्षयाचे दुसरे मोठे कारण लोहाबाहेरचे आहे, आणि त्याचा शोध मुंबईत लागला. इंग्लंडच्या डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या तेव्हा गिरणी कामगार वर्गातील गरोदर स्त्रियांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता. त्यात तांबड्या पेशी लहान आणि फिकट होण्याऐवजी, म्हणजे लोहाच्या कमतरतेत होतात तशा होण्याऐवजी, अवाजवी मोठ्या होत. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराची बारकाईने नोंद केली, तसाच निकृष्ट आहार उंदरांना आणि पुढे माकडांना देऊन पाहिला आणि अखेर यीस्टच्या अर्कापासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने हा आजार बरा होतो, असे त्यांना आढळले. १९३१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधील तो अज्ञात घटक काही वर्षे 'विल्स घटक' म्हणूनच ओळखला गेला; १९४१ मध्ये तो पालकातून वेगळा करण्यात आला, त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले आणि १९४५ मध्ये यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवले गेले. नवी पेशी तयार होताना तिच्या डीएनएची प्रत काढावी लागते आणि त्या कामासाठी फॉलिक ॲसिड व ब-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. ती नसली की पेशी वाढते पण विभागत नाही, आणि मोठ्या, अपरिपक्व पेशी अस्थिमज्जेतच मरतात. ब-१२ फक्त प्राणिजन्य अन्नात, म्हणजे दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत मिळते. दूधही परवडत नसलेल्या शाकाहारी कुटुंबाला ते कुठूनच मिळत नाही. भारतातील किशोरवयीनांच्या रक्तक्षयात या दोन जीवनसत्त्वांच्या कमतरतेचा वाटा लोहाच्या कमतरतेपेक्षा कमी नाही, असे २०१६–१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीतून दिसले आहे.

सरकारी गोळ्यांत लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र का असतात, ते यावरून कळते. 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८ च्या कार्यक्रमानुसार किशोरवयीनांना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आणि गरोदर स्त्रियांना रोज दिली जाणारी लाल गोळी, दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ब-१२ त्यांत नाही.

स्वस्त धान्य दुकानातील पोषणयुक्त तांदूळ हा त्यापुढचा उपाय आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि शंभर भाग साध्या तांदळात त्यांचा एक भाग घालतात; प्रमाणानुसार अशा एका किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे लागते. लोहाचे जे क्षार चांगले शोषले जातात ते तांदळाचा रंग बदलतात, म्हणून येथे फेरिक पायरोफॉस्फेट हा पांढरा पण कमी शोषला जाणारा क्षार वापरला जातो. हे दाणे सुपात पाखडताना वेगळे ओळखू येतात, थोडे पिवळसर आणि जास्त गुळगुळीत दिसतात, आणि 'प्लास्टिकचा तांदूळ' या भीतीने ते निवडून फेकून दिले जातात. वेळेवर कोणी नीट समजावून न सांगितल्याचा हा परिणाम आहे आणि त्यासाठी बायकांना दोष देणे अन्यायाचे होईल. भरपूर पाण्यात भात शिजवून पसिया, म्हणजे पेज, ओतून टाकली तर त्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही काही प्रमाणात जातात. ती पेज पिण्याची जुनी रीत म्हणून जपण्यासारखी आहे. या तांदळाकडून फार मोठी अपेक्षा मात्र धरता येत नाही: २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात लोहयुक्त तांदळाने रक्तक्षयाच्या जोखमीत फारसा फरक पडत नसल्याचे दिसून आले.

छत्तीसगड आणि विदर्भ यांना जोडणारी आणखी एक बाब येथे टाळता येणार नाही, ती म्हणजे सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे आले की प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच मोडते. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेल वाहकांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून छत्तीसगडपर्यंतचा हा पट्टा वैद्यकाला माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असते, पण मोडलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि रक्त चढवावे लागले तर प्रत्येक पिशवीबरोबर दोनशेहून अधिक मिलिग्रॅम लोह आत येते. अशा रुग्णाला सतत नव्या पेशी बनवाव्या लागत असल्याने फॉलिक ॲसिडची गरज वाढलेली असते. लोहयुक्त अन्नावर सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापणे आधी बंधनकारक होते. पुढे तज्ज्ञ समितीच्या आढाव्यात अशा तांदळाने अपाय होत असल्याचा पुरावा न मिळाल्याने तो काढण्याचे केंद्र सरकारने ठरवले. तांदळातले लोह अल्प असल्याने या निर्णयाला शास्त्रीय आधार आहे, पण ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या महिनोन्महिने देणे ही निराळी गोष्ट आहे.

कोहकासारख्या वस्तीत हा फरक प्रत्यक्ष हाताळते ती मितानिन. गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे करणारी ही योजना छत्तीसगडने २००२ मध्ये सुरू केली, देशभरातील 'आशा' योजनेच्या तीन वर्षे आधी. गोळ्या नियमित घेऊनही महिन्या-दीड महिन्यात हिमोग्लोबिन वाढत नसेल तर डोस वाढवण्याऐवजी त्या स्त्रीला तपासणीला पाठवणे हे तिच्या हातचे काम आहे. प्रथम विद्राव्यता चाचणी, ती सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिनचे विद्युत्संचारण किंवा तत्सम खात्रीची चाचणी. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत या तपासण्यांचा समावेश आहे. केवळ वाहक असलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता इतर कोणाहीसारखीच होऊ शकते आणि तिला गोळ्या नाकारणे चूक ठरते. प्रत्यक्ष सिकलसेल आजार असलेल्या रुग्णातही ती असू शकते. ती ठरवण्यासाठी फेरिटिन मोजतात, पण दाह असताना फेरिटिन आपोआप वाढते, त्यामुळे त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिन संपृक्तता, म्हणजे रक्तातील लोहवाहक प्रथिन किती टक्के भरलेले आहे, हेही पाहावे लागते. पुढील भागात आयोडीन आणि मिठाचा विचार केला जाईल.