बसलं म्हणजे जमलं नव्हे

पिंप्राळ्यात म्हणा की जळगाव शहरात, जुनी बुलेट उभी करायला घेणाऱ्याला अख्खी गाडी क्वचितच मिळते. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, मागचं चाक भंगारवाल्याकडून वजनावर उचललेलं. बुलेटला हे खपतं, कारण मद्रासला 1955 मध्ये सुरू झालेली तिची बांधणी पुढची कित्येक दशकं जवळपास त्याच आराखड्यावर चालली. मूळ इंग्रज कंपनी 1970 च्या आसपास बंद पडली, तरी मद्रासचं काम थांबलं नाही. म्हणून वीस-वीस वर्षांच्या अंतराने घडलेले भागही एकमेकांत बसतात. मिस्त्रीची पंचाईत होते ती इथेच. न बसणारा भाग त्याच दिवशी परत जातो. बसणारा, पण न जमणारा भाग गाडीत राहतो आणि हळूहळू दात खायला लागतो.

चेनचंच घ्या. 428, 520, 530 या आकड्यांत पहिला अंक एका कडीची लांबी सांगतो, इंचाच्या आठव्या हिश्शात: चार म्हणजे 12.7 मिलिमीटर, पाच म्हणजे 15.875. उरलेले दोन अंक आतल्या रुंदीचे. 520 आणि 530 ची कडी सारखीच लांब, पण रुंदी 6.35 आणि 9.525 मिलिमीटर. बुलेटची मागची चेन 530 ची. ती 520 च्या स्प्रॉकेटवर बिनतक्रार चढते, फिरतेही. मग रुंदीतल्या फरकामुळे डावी-उजवी लोळत राहते आणि दात एका अंगाने झिजतात.

दुसरा प्रश्न रेषेचा. पुढचा आणि मागचा स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे दोन्हींना सरळ पट्टी टेकवून बघतात. फरक निघाला की लेथवर नेमक्या जाडीचा वायसर काढून घ्यायचा. बुलेटचे मागचे 38 दात ब्रेकड्रमवरच असतात. ते झिजले तर ड्रमच बदलायचा, नाहीतर दात उतरवून नवं कडं बोल्टांनी आवळायचं. कडं सरळ बसलंय का हे बघायला सायकलचा आरा स्विंगआर्मला बांधतात, टोक दातांजवळ आणतात आणि चाक हाताने सावकाश फिरवतात. फट कुठे रुंदावते, टोक कुठे घासतं, ते लगेच कळतं. पिंप्राळ्याच्या आषाढी एकादशीच्या रथाच्या चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावून तो आवरणाऱ्याची नजरही अशीच लागते. फरक एवढाच, की त्याला चूक पुढच्या मोगरीत सावरता येते. वायसर चुकला तर चेन ती चूक फेऱ्यागणिक वसूल करते.

मग हिशेब दातांचा. साडेतीनशे सीसीच्या चार गिअरच्या बुलेटला इंजिनवर 25, क्लचवर 56, गिअरबॉक्सवर 16 आणि चाकावर 38 दात. टॉप गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे 5.32 फेरे होतात. 16 च्या जागी 17 चा स्प्रॉकेट घातला की ते 5.01 वर येतात. भुसावळच्या सपाट रस्त्याला इंजिन निवांत पळतं. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, मागे माणूस बसलेला असेल तर, तिसरा गिअर लवकर टाकावा लागतो. 17 चा एक फायदा सहसा कुणी मोजत नाही. चेनच्या कड्या साधारणपणे सम असतात, त्यामुळे विषम दातांच्या स्प्रॉकेटवर प्रत्येक दाताला आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून भेटते आणि झीज सारखी होते.

जुन्या चेनीला नवा स्प्रॉकेट देणं मात्र पैसे पाण्यात घालणं आहे. 530 च्या बारा कड्या ताणून मोजल्या तर 190.5 मिलिमीटर भरायला हव्यात. 194 भरल्या तर पिना झिजल्या. अशी चेन दातांच्या टोकावर चढते आणि नव्या दातांना आकड्यासारखा बाक आणते.

केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. अट अशी, की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. स्प्रॉकेटचा त्यात उल्लेख नाही, त्यामुळे तिथला निर्णय मिस्त्रीच्याच हाती राहतो. म्हणून जाणता मिस्त्री काढलेला स्प्रॉकेट भंगारात टाकत नाही. किती दात होते, किती घातले, मागे किती जाडीचा वायसर आहे, हे चिठ्ठीवर लिहून मालकाच्या हाती देतो. दहा वर्षांनी तीच गाडी दुसऱ्या कुणाकडे उघडली जाईल, तेव्हा त्याला अंदाजाने काम करावं लागू नये.