बरणी, पातेले की कॅनर?

रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्या वस्तीतील महिला बचत गटाची बैठक तिथेच बसते. गटाचे हिशेब आम्ही पाहतो. गेल्या हिवाळ्यातील एका बैठकीत गटाच्या अध्यक्षा ताईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखविला. परदेशातील एक बाई कुकरसारख्या थोरल्या भांड्यातून मटार, मका आणि मटणाने भरलेल्या काचेच्या बाटल्या काढीत होती. त्या भांड्याला म्हणतात कॅनर. "दादा, गटाच्या पैशातून हा घेऊ या. मटार स्वस्त आहे तोवर भरून ठेवू आणि उन्हाळ्यात विकू," ताई म्हणाल्या.

आम्ही म्हटले, चौकशी करून सांगतो. पण उत्साह थांबतो थोडाच! दोघींनी घरच्या प्रेशर कुकरमध्ये मिठाच्या पाण्यातील मटारच्या सहा बाटल्या केल्या. तीन आठवड्यांनी पाहतो तर चार बाटल्यांची झाकणे फुगलेली. उरलेल्या दोन दिसायला चांगल्या. एका आजींनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "या दोन कशाला टाकता? कष्टाचे पैसे आहेत." आजींचे बोलणे खोटे नव्हते. तरीही सहाही बाटल्या टाकायला लावल्या. का, ते सर्व भगिनींना कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आंबट आणि बिनआंबट

हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकविण्याची रीत निकोलस ॲपर्ट या फ्रेंच माणसाने शोधली. 1810 साली त्याला सरकारकडून 12,000 फ्रँकचे बक्षीस मिळाले. पण अन्न का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते. अन्न नासविणारे सूक्ष्म जंतू असतात, हे पुढे लुई पाश्चरने दाखवून दिले.

यातील एक जंतू फार घातकी आहे. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो आणि त्याची बीजे भाजीबरोबर घरात येतात. साध्या उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशांवर, ही बीजे मरत नाहीत. हवाबंद, ओलसर आणि बिनआंबट अन्न मिळाले की ती रुजतात व विष तयार करतात. कधी झाकण फुगते, कधी फुगतही नाही. वास आणि चवीवरून हे विष ओळखता येत नाही, म्हणून चाखून पाहणे हाच मोठा धोका. एकाला दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळता न येणे, अंगातील शक्ती जाणे ही त्याची लक्षणे. असे झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.

आंबट अन्नात मात्र ही बीजे रुजत नाहीत. आंबटपणा मोजण्याच्या पट्टीवर 4.6 ही सीमारेषा मानतात. आकडा त्याखाली असेल तर अन्न आंबट. कैरी, लिंबू, आवळा, चिंच, करवंद ही सारी आंबट मंडळी. मटार, मका, गवार, भेंडी, मटण, मासे ही बिनआंबट. टोमॅटो नेमका सीमेवर. म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीस पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व घातल्याशिवाय टोमॅटो भरू नये.

कोणते भांडे कशाला?

आंबट पदार्थांना वेगळ्या कॅनरची गरजच नाही. घरातले झाकणाचे खोल पातेले पुरते. तळाशी जाळी किंवा घडी घातलेले फडके ठेवावे, म्हणजे बाटल्या तडकत नाहीत. पाणी बाटल्यांच्या वर निदान इंचभर हवे. पाण्याला खळखळून उकळी आली की मग वेळ मोजावी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम भरलेल्या टोमॅटोच्या गराला मुंबईत 35 मिनिटे लागतात. पुणे-नाशिक उंचावर असल्याने तेथे पाणी थोड्या कमी उष्णतेवर उकळते, म्हणून 40 मिनिटे द्यावीत. प्रत्येक वेळी झाकण नवे वापरावे. जुन्या झाकणाचे रबर दबलेले असते, त्याने बाटली हवाबंद होत नाही.

लोणच्याला उकळायचेही कारण नाही. तिथे मीठ आणि आंबटपणा राखण करतात. एक किलो कैरीच्या फोडींना 150 ते 200 ग्रॅम मीठ लागते. मीठ वाचविले की लोणचे गेले. बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी. चिनी मातीची घेताना आत हात फिरवून पाहावे. लुकण तडकलेले वा उडालेले असेल तर ती बरणी घेऊ नये. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ यांत लोणचे कधीच ठेवू नये, कारण आंबट धातूला खाते.

बिनआंबट पदार्थांना मात्र खरा प्रेशर कॅनरच लागतो. दाबाखालच्या वाफेत उष्णता 115 ते 121 अंशांपर्यंत चढते आणि तिथे बीजे मरतात. मग घरचा कुकर का चालत नाही? दाब त्यातही चढतो. पण प्रत्येक पदार्थाला किती वेळ द्यायचा, हे मोठ्या भांड्याच्या सावकाश तापण्या-निवण्यासह ठरविलेले असते. लहान कुकर झटकन तापतो, झटकन निवतो, आणि उष्णता बाटलीच्या मध्यापर्यंत पुरेशी टिकत नाही. शिट्ट्या मोजून हा हिशेब जुळत नाही. आमच्या मटारचे नेमके हेच झाले.

कॅनर घ्यायचाच असेल तर चार गोष्टी पाहाव्यात. त्यात एक लिटरच्या किमान चार बाटल्या उभ्या मावाव्यात. तळाची जाळी सोबत असावी. दाब दाखविणारे घड्याळ किंवा वजनाची शिट्टी असावी. घड्याळ दरवर्षी तपासून घ्यावे लागते, वजनाला ती कटकट नाही. आणि रबराची कडी आपल्या गावात मिळेल याची खात्री करावी. कॅनरबरोबर पदार्थवार वेळेचा तक्ता हाताशी हवा. अंदाजाने काम करणाऱ्याने कॅनर घेऊ नये.

गटाने काय ठरविले?

आम्ही कागदावर दोन रकाने केले. एका बाजूला कॅनरची किंमत, खास बाटल्या, दरवेळची नवी झाकणे. दुसऱ्या बाजूला काचेच्या बरण्या, एक मोठे पातेले, मीठ, तेल, मसाला. कर्ज कुठे वाढते आणि पैसा कुठे फिरतो, हे शाळेत न गेलेल्या भगिनींनाही क्षणात कळले. कॅनर रद्द झाला. कैरी आणि लिंबाचे लोणचे, आवळ्याचा मोरंबा, टोमॅटोचा गर एवढेच करायचे ठरले. मटार उकळत्या पाण्यातून काढून वाळवायचा.

वाळवण आपल्याला नवे नाही. गवार, मेथी, सुकट, बोंबील तर आहेतच, पण उन्हात वाळविलेल्या मांसाच्या चान्याही आपल्याच आया-आज्यांनी टिकविल्या. तेव्हा ती हौस नव्हती, उद्याच्या भुकेची तरतूद होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात या अन्नाची नोंद केली आहे. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

बैठकीत आणखी एक प्रश्न निघाला. एका ताईंनी दबकत विचारले, "आपल्या हातचे लोणचे लोक घेतील का?" अशा वेळी कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवतात. त्यांच्या हॉटेलात छत्रपती शाहू महाराज स्वतः जाऊन चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजीत. आज तसा राजा नाही, पण कायदा आहे. विक्री करण्यापूर्वी अन्न सुरक्षा कायदा 2006 प्रमाणे नोंदणी करावी. बरणीवर गटाचे नाव, घटक पदार्थ आणि तयार केल्याची तारीख स्पष्ट लिहावी. आपले नाव लपवून विकू नये. माल स्वच्छ आणि चोख असला की तेच नाव ओळख बनते.

ऐकीव गोष्ट स्वतः पारखून मगच स्वीकारावी, ही तथागतांची शिकवण. ती स्वयंपाकघरातही लागू आहे. व्हिडिओ पाहून भांडे घेऊ नका. आधी पदार्थ आंबट की बिनआंबट ते पाहा, मग भांडे ठरवा. आणि शंका आली तर बाटली फेकून द्या. गेलेले पैसे गट पुन्हा उभे करील, घरातले माणूस मात्र पुन्हा उभे राहणार नाही. आजींनाही हे पटले. या उन्हाळ्यात कैरीच्या फोडींना मीठ मोजून घालायचे काम त्यांनीच मागून घेतले.

जय भीम!