घर, संगत आणि अडनिडे वय

दहा ते एकोणीस या वयात मुलांच्या रागलोभाला आणि वागण्याला वळण लागते ते मुख्यतः दोन ठिकाणी, घरात आणि सवंगड्यांत. ‘पोरगा संगतीने बिघडला’ हे वाक्य त्यातल्या एकाच ठिकाणाकडे बोट दाखवते आणि घर व मित्र हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत असे धरून चालते. गेल्या अर्धशतकातल्या अभ्यासांतून मात्र निराळे चित्र पुढे आले आहे. मूल कोणत्या संगतीत जाते आणि त्या संगतीचा रंग त्याला किती चढतो, हे बरेचसे घरातल्या नात्यावर ठरते.

वयात येताना मुले घरापासून दुरावतात, हे खरे. पण किती आणि कुठे, ते पाहावे लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रीड लार्सन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या उपनगरांतल्या मुलांना पेजर दिले. तो वाजला की आपण कुणाबरोबर आहोत, काय करतो आहोत, मनःस्थिती कशी आहे, याची नोंद मुलांनी करायची. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पाचवी ते बारावीदरम्यान घरच्यांबरोबरचा वेळ जागेपणीच्या वेळेच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर उतरलेला दिसला. एकट्या आईशी किंवा एकट्या वडिलांशी जाणारा वेळ मात्र फारसा घटला नव्हता. पुढे लार्सन यांनी सुमन वर्मा यांच्यासोबत चंदीगडच्या मध्यमवर्गीय घरांतल्या आठवीच्या मुलांची अशीच पाहणी केली. तिथे मुलांचा बराच वेळ घरच्यांत जात होता आणि तो बहुतांशी आनंदातही जात होता. बंडखोरी हा या वयाचा सार्वत्रिक नियम नव्हे.

खटके उडतात ते बहुधा किरकोळ गोष्टींवरून: केस, कपडे, खोलीतला पसारा, मोबाइल. ज्युडिथ स्मेटाना यांच्या संशोधनानुसार हा वाद मुळात हद्दीचा असतो. आईवडिलांना जो शिस्तीचा प्रश्न वाटतो तो मुलाला स्वतःचा खासगी मामला वाटतो. चोरी करू नये, कुणाला मारू नये, यावर दोघांचे एकमत असतेच. अशी भांडणे सुरुवातीच्या वर्षांत सर्वाधिक होतात आणि पुढे कमी होत जातात. त्यांतला कडवटपणा मात्र मधल्या वर्षांपर्यंत वाढतो, म्हणूनच पंधराव्या वर्षीचे एक भांडण घरभर दोन दिवस पुरते.

पालकत्वाच्या तऱ्हांचा पाया डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात घातला. नियम स्पष्ट, त्यामागचे कारण सांगायची तयारी आणि जोडीला माया, अशा घरांतली मुले नुसत्या धाकाच्या किंवा नुसत्या लाडांच्या घरांतल्या मुलांपेक्षा सावरलेली दिसली. धाक नाही आणि मायाही नाही, अशी चौथी तऱ्हा १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी जोडली. तिची फळे सर्वांत वाईट. याहून उपयोगी भेद ब्रायन बार्बर यांनी केला. ‘सातच्या आत घरात’ हे वागण्यावरचे बंधन झाले. अबोला धरणे, ‘तुझ्यासाठी एवढे केले’ असे ऐकवणे, शेजारच्या मुलीचे टक्के काढणे, ही मनावरची पकड. वागण्याला काहीच बंधन नसले की नियम मोडणे वाढते; मनावरची पकड घट्ट झाली की चिंता आणि औदासीन्य वाढते. छडी गेली पण अबोला राहिला, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

मूल कुठे जाते, कुणाबरोबर असते, हे ज्यांना ठाऊक असते त्या पालकांची मुले कमी भरकटतात, हे जुने निरीक्षण. त्यातून ‘लक्ष ठेवा’ हा सल्ला निघाला. पण आईवडिलांना हे कळते तरी कसे, असा प्रश्न होकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात विचारला. २००० साली त्यांनी मांडलेले उत्तर असे: उलटतपासणीतून फारसे कळत नाही, मुले आपणहून सांगतात म्हणून कळते. चोरून मोबाइल तपासणाऱ्यांना हे पचायला जड आहे. माहिती नात्यातून येते, पाळतीतून नाही, आणि सांगितल्यावर आधी ओरडा बसणार हे ठाऊक असलेले मूल दुसऱ्यांदा सांगत नाही.

मैत्रीतून जे मिळते ते घर देऊ शकत नाही. बरोबरीच्या नात्यात रुसवा कसा काढायचा, माघार कधी घ्यायची, हे मित्रांतच शिकले जाते. पण सोबतीचा परिणाम निव्वळ हजेरीनेही होतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मोटार चालवण्याच्या संगणकीय खेळात हे दाखवले. मित्र भोवती असताना तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांवर तसा परिणाम दिसला नाही. जिवलग मैत्रीलाही दुसरी बाजू आहे. एकाच दुःखाचा पुन्हापुन्हा काथ्याकूट करणाऱ्या मैत्रिणी जवळ येतात, पण त्याच वेळी खिन्नही होत जातात, असे अमांडा रोझ यांना आढळले. शिवाय मुले मित्रांसारखी होतात तशीच आपल्यासारखे मित्र निवडतातही. तेव्हा ‘त्यानेच बिघडवले’ हे निम्मेच सत्य.

घर आणि संगत यांतला दुवा ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी उलगडला. आरडाओरडा केला की आई माघार घेते, हे मूल घरात शिकते. तेच वागणे शाळेत नेले की चांगली मुले त्याला टाळतात आणि मग टाळलेली मुले एकमेकांना सापडतात. त्यांचे सहकारी थॉमस डिशन यांनी अशा मित्रांच्या गप्पा चित्रित केल्या. नियम मोडल्याच्या गोष्टींवर जिथे हशा पिकत होता, तिथली मुले पुढे अधिक वाह्यात निघाली. म्हणूनच ‘बिघडलेल्या’ मुलांना एकत्र करून सुधारण्याचे बेत अंगाशी येऊ शकतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात ज्या मुलांना एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवले, त्यांचे पुढे विशेष नुकसान झालेले दिसले.

घर आणि मित्र यांच्या मधली जागा पूर्वी मामा, आत्या, थोरली चुलत बहीण भरून काढत. शाळेत ती जागा निर्माण करता येते का, याचा प्रयोग गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत केला. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे, म्हणजे मानसतज्ज्ञ नसलेले समुपदेशक, नेमली गेली. त्यांनी मुलांशी बोलणे, तक्रारपेटी, गटचर्चा असे उपक्रम चालवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या शाळांतले वातावरण सुधारले, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. ज्या शाळांत हेच काम तिथल्याच शिक्षकांवर सोपवले होते, तिथे मात्र फरक पडला नाही.