विरघळणाऱ्या स्पंजातले अस्थिबीज

अहमदपूर-नांदेड रस्त्यावर दुचाकी घसरून नडगीचा तुकडा उडालेल्या इसमास, ती पोकळी भरण्यासाठी, बहुधा त्याच्याच कमरेचे हाड कोरून लावतात; परंतु क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड उपजते, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखविले, आणि त्यास कारण असणारे बीएमपी हे प्रथिन कोलॅजेनच्या विरघळणाऱ्या स्पंजात मुरवून नडगीच्या उघड्या अस्थिभंगात वापरण्यास अमेरिकेत २००४ साली मंजुरी मिळाली. स्पंज मात्र उधळ्या खजिनदारासारखा आरंभीच बराच ऐवज वाटून टाकतो, म्हणून मात्रा अवाजवी लागते. हे प्रथिन मानेत वापरल्यास सूज श्वासमार्ग दाबू शकते, अशी ताकीद २००८ साली निघाली. पॉलिलॅक्टिक आम्लाचे सूक्ष्म गोलक तोच ऐवज आठवडेच्या आठवडे हप्त्याने देऊ शकतात. हे गोलक विघटित होताना सभोवती आम्लता साचते, ही उणीव आहेच.