अलास्काच्या सफरींत मुलांसाठीं काय निवडावें?

जहाजाच्या प्रवासांत मोठ्या माणसांचीं आणि मुलांचीं मोजमापें निराळीं असतात. मोठा माणूस नकाशा पाहतो, खर्च मोजतो आणि इतक्या दूर आल्यासारखें काय काय पाहून घ्यावें याची यादी करतो. मुलाजवळ यादी नसते. दोन-तीन तासांची उमेद, लवकर गार पडणारे हात आणि भुकेची ठरलेली वेळ एवढेंच त्याचें भांडवल. अलास्काच्या सफरीला निघालेल्या कुटुंबानें हें भांडवल ध्यानांत घेऊन प्रत्येक बंदरावरची सहल निवडली, तर सफर आनंदाची होते. केवळ यादीकडे पाहून निवडली, तर पैसा खर्च होतो आणि मुलाच्या आठवणींत फक्त थंडी राहते.

अलास्का हा प्रांत अमेरिकेनें १८६७ सालीं रशियाकडून ७२ लक्ष डॉलरांस विकत घेतला. त्याच्या आग्नेय भागांत डोंगर, जंगल आणि बेटें यांच्यामधून समुद्राचे अरुंद फाटे गेले आहेत. एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत सिॲटल किंवा व्हॅन्कूव्हर येथून निघणारीं मोठीं प्रवासी जहाजें या जलमार्गानें बहुधा सात दिवसांची सफर करतात. बराचसा मार्ग बेटांच्या आडोशानें जातो, म्हणून समुद्राची सवय नसलेल्या मुलांनाहि तो सहसा सोसतो. केचिकॅन, जूनो आणि स्कॅग्वे हीं नेहमींचीं बंदरें. प्रत्येक ठिकाणीं जहाज कांहीं तास थांबतें, आणि तेवढ्या वेळांत काय करावें हें सांगणाऱ्या अनेक जाहिराती उतारूंच्या हातीं पडतात.

निवड करतांना थंडीचा विचार प्रथम केला पाहिजे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेथील दुपारचें उष्णमान बहुधा १२ ते १८ अंश सेंटिग्रेड असतें. हा आंकडा पाहून पुण्याच्या हिवाळ्यांतील सकाळ डोळ्यांपुढें येते आणि एक स्वेटर पुरेल असें वाटतें. पण पुण्याची थंडी कोरडी आणि उन्हाबरोबर ओसरणारी. ही ओली, आणि बोटीच्या वेगानें अंगावर येणाऱ्या वाऱ्यामुळें वाढणारी. केचिकॅनला वर्षाकाठीं सुमारें १५० इंच पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षां कितीतरी अधिक, आणि तो उन्हाळ्यांतहि सुटी घेत नाहीं. लहान मुलाच्या वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचें क्षेत्र मोठें असतें. त्यामुळें त्याच्या अंगांतील ऊब मोठ्या माणसापेक्षां लवकर निघून जाते. धांवणारें मूल गरम राहतें. बाकावर बसवून ठेवलेलें मूल गारठतें. म्हणून अंगालगत सुती कपडा नको, कारण तो भिजला कीं ऊब धरीत नाहीं. तेथें लोंकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा असावा, त्यावर एक गरम थर, आणि सर्वांवर पाणी न शिरणारा कोट. हातमोजे व पायमोजे यांची एक जादा जोडी ही चैन नव्हे. बोटें ओलीं आणि बधिर झालीं, म्हणजे समोरचा देवमासाहि मुलाला दिसत नाहीं.

यानंतर प्रत्येक सहलीविषयीं चार गोष्टी विचाराव्या. जहाज सोडल्यापासून परत येईपर्यंत एकंदर वेळ किती? मध्येंच कंटाळा आला किंवा बरें वाटेनासें झालें, तर परत फिरतां येतें काय? बसण्यास बंदिस्त, उबदार जागा आणि शौचकूप आहे काय? आणि मुलाला तेथें नुसतें पाहावयाचें आहे, कीं स्वतः कांहीं करावयाचें आहे? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या माणसाला देखावा पुरतो. मुलाला हाताला काम लागतें.

केचिकॅन हें बंदर या दृष्टीनें फार सोईचें. गांव जहाजाच्या धक्क्यालाच लागून आहे. पैसे देऊन सहल घेतली नाहीं, तरी पायीं भटकतां येतें. गांवांतून वाहणाऱ्या ओढ्यांत उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या घेत वर चढतात. अलास्कांतील सॅमनच्या पांच जाती तेथील मुलें हाताच्या बोटांवर शिकतात: अंगठा म्हणजे चम, तर्जनी सॉकाय, सर्वांत उंच मधलें बोट किंग, अंगठीचें बोट सिल्व्हर आणि करंगळी पिंक. एवढा धडा देऊन मुलाला पुलावर उभें केलें, तर तासभर तें हलत नाहीं. जवळच सॅक्समन व टोटेम बाइट या ठिकाणीं सीडर लांकडांत कोरलेले उंच टोटेम खांब आहेत. त्यांवरील कावळा, गरुड, अस्वल या आकृती पूजेच्या मूर्ती नव्हेत. ट्लिंगिट व हायडा लोकांच्या कुळांच्या खुणा आणि कथा त्यांत कोरलेल्या आहेत. जुने खांब सोडून दिलेल्या खेड्यांत कुजत होते. १९३८ पासून सरकारी योजनेखालीं त्या लोकांतीलच कारागिरांनीं त्यांची दुरुस्ती केली व नव्या प्रतिकृतीहि कोरल्या. कोणता प्राणी कोठें आहे हें शोधण्याचें काम मुलाला द्यावें.

जूनो ही अलास्काची राजधानी. पण बाहेरच्या जगाशीं तिला जोडणारा रस्ता नाहीं. तेथें बोटीनें किंवा विमानानेंच जावें लागतें. येथें दोन मोठीं आकर्षणें आहेत. पहिलें देवमाशांचें. हंपबॅक जातीचे हे देवमासे चाळीस-पन्नास फूट लांब भरतात. त्यांपैकीं पुष्कळ हिवाळ्यांत हवाईच्या उबदार पाण्यांत पिलांना जन्म देतात आणि उन्हाळ्यांत खाण्यासाठीं या थंड पाण्यांत येतात. कायद्यानें बोटीनें त्यांच्यापासून शंभर यार्ड दूर राहावयाचें असतें. बोट निवडतांना कांचेनें बंदिस्त व उबदार खोली असलेली आणि मुलांच्या मापाचीं जीवरक्षक जाकिटें असलेली निवडावी. उघडी, वेगवान बोट लहान मुलासाठीं घेऊं नये. दुसरें आकर्षण मेंडनहॉल हिमनदीचें. ती शहरापासून सुमारें बारा मैलांवर आहे. तिच्यापुढचें तळें १९२९ च्या सुमारास बनूं लागलें. त्यापूर्वीं त्या जागीं बर्फ होतें. तळ्याकांठानें नगेट धबधब्यापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारें दोन मैल पडतात. वाट बहुतेक सपाट आहे, आणि थकल्यास वाटेंतूनच फिरतां येतें. पांच-सहा वर्षांच्या मुलाला ही पायवाट कोणत्याहि महागड्या सहलीपेक्षां मानवते.

महागडी सहल म्हणजे हेलिकॉप्टरनें हिमनदीवर उतरणें आणि तेथें कुत्र्यांच्या घसरगाडींत बसणें. ती मोहक खरी. पण माणशीं शेंकडों डॉलर पडतात, वयाच्या किंवा वजनाच्या अटी असतात, आणि ढग खालीं आले कीं उड्डाण रद्द होतें. पैसे बहुधा परत मिळतात, पण आठ दिवस त्या एकाच गोष्टीची वाट पाहिलेल्या मुलाची समजूत पैशांनीं पटत नाहीं. ही सहल घ्यावयाची असेल, तर रद्द झाल्यास काय करावयाचें हें मुलाला आधींच सांगून ठेवावें.

स्कॅग्वे येथें निवड सोपी आहे. १८९६ सालीं कॅनडांतील क्लोंडाइक भागांत सोनें सांपडलें, आणि पुढील दोन वर्षांत हजारों माणसें या घाटांतून तिकडे धांवलीं. वर्षभर पुरेल एवढी, म्हणजे सुमारें एक टन शिधासामग्री बरोबर असल्यावांचून कॅनडाचे पोलीस कोणाला आंत सोडीत नसत. त्या गर्दीसाठीं १८९८ ते १९०० या काळांत जी रेल्वे बांधली, तीच आज उतारूंना घाटमाथ्यावर नेते. वीस मैलांत ती जवळजवळ ३,००० फूट चढते. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ही तीन फुटी रुळांची गाडी ओळखीची वाटेल. मात्र येथें खिडकींतून दिसतात ते बर्फाचे पट्टे, धबधबे आणि खोल दऱ्या. मूल डब्यांत उबेंत बसतें, खातें, पेंगतें, पुन्हा उठून पाहतें. परत आल्यावर पाण्यांत वाळू चाळून सोन्याचे कण शोधण्याचा खेळ दिला, म्हणजे त्याचा दिवस पुरा होतो.

ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानांत जहाज शिरतें त्या दिवशीं कोणतीच सहल घ्यावयाची नसते; प्रवासी जहाजांतूनच सर्व पाहतात. उद्यानाचे अधिकारी जहाजावर येऊन माहिती सांगतात, मुलांना वेगळें काम देतात. १७९४ सालीं व्हॅन्कूव्हरच्या दर्यावर्दी पथकानें पाहिलें तेव्हां हा उपसागर जवळजवळ सगळा बर्फाखालीं होता. १८७९ सालीं जॉन म्यूर तेथें गेले, तेव्हां बर्फ तीस मैलांहून अधिक मागें हटलें होतें. आज तें मुखापासून सुमारें ६५ मैल आंत आहे. बर्फाचा कडा कोसळतांना आधीं दिसतो, गडगडाट मागून येतो. मधले सेकंद मुलानें मोजावे: तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर, हा हिशेब त्याला समजतो, आणि हिमनदी किती दूर आहे हें तें स्वतःच सांगूं लागतें.

व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला, तर उतारूंची जबाबदारी सहसा जहाज घेतें. परस्पर ठरविलेली सहल स्वस्त पडूं शकते, पण उशिराची जोखीम ज्याची त्याला. घड्याळ जहाजाच्या वेळेशीं लावून ठेवावें. सिॲटलहून सुटणारीं जहाजें वाटेंत बहुधा कॅनडाच्या बंदराला लागतात, आणि स्कॅग्वेच्या कांहीं सहलीहि सरहद्द ओलांडतात. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनीं अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाच्या परवानगीची चौकशी निघण्यापूर्वींच करावी. जूनमध्यें रात्रीं दहापर्यंत उजेड असतो. मुलें झोंपत नाहींत आणि दुसऱ्या दिवशींच्या सहलींत किरकिरतात. पडदे ओढून नेहमींच्या वेळीं निजविणें हा सहलीच्या तयारीचाच भाग समजावा.

एका बंदरांत एकच सहल, आणि तिच्यानंतर रिकामा वेळ, हा नियम पाळावा. पालकांनीं योग्य ठरविलेल्या दोन सहलींपैकीं एक मुलानें निवडावी. स्वतः निवडलेल्या गोष्टींतला पाऊस मुलें आनंदानें सोसतात. राहून गेलेल्या ठिकाणांची हळहळ मोठ्यांनाच वाटते. आणि ज्या बर्फापुढें आज सात वर्षांचें मूल उभें आहे, तें बर्फ त्याच्या मुलांच्या वेळीं आणखी मागें गेलेलें असेल. तेव्हां त्यानें तें दमून, कुडकुडत पाहिलेलें असण्यापेक्षां पोटभर खाऊन, उबदार हातांनीं पाहिलेलें असावें.