वसईचा जपानी दुभाष्या

भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत आपल्या वसईचे!

गोन्सालो गार्सिया. जन्म १५५६-५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई तिथलीच. येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) शिकून ते तरुणपणीच त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि अस्खलित जपानी शिकले. येशूसंघात प्रवेश मात्र मिळाला नाही. मग व्यापार केला, त्यात जमही बसला होता. तो सोडून मनिलात ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. पाद्री नव्हेत, साधे ‘ब्रदर’. मला हेच फार आवडतं.

१५९३ मध्ये फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीपुढे उभे राहिले. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली आणि ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत क्योतोकडून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड काढली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी गोन्सालोंसह २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यात जपानी पोरंही होती.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संत घोषित केलं. वसईत गोन्सालोंच्या नावाचं कॉलेज आहे. तिकडे गेलात तर किल्लाही पाहून या.